तालीम उत्तम चालू आहे

जालन्याच्या स्टेशनावर गाडी हलली तरी माझे वडील, बापू, खिडकीची सळई सोडत नव्हते. "कालिजात काय बी शिक," ते म्हणाले, "पण तालमीत पाय ठेवू नको. मंग मी हाय अन् तू हाय." माझा थोरला चुलता कुस्तीच्या नादात कमरेतून गेल्ता, म्हणून हा धाक. आपल्या गावात, केदारखेड्यात, जुन्यांना हे ठाऊक आहे, तुमच्या पोरांना नसेल, म्हणून लिहितो.

हैदराबादेत आम्हाला इन्शाचा तास असे. इन्शा म्हणजे निबंध, पत्रं, सगळं लेखन. शिकवणारे म्हातारे मौलवीसाहेब, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. साध्या वाक्याला गुण कमी, भारदस्त उर्दूला जास्त. दोन महिन्यांत मला असा कैफ चढला की घरच्या मराठी पत्रातही मी तेच शब्द घालायला लागलो. लिहिलं, "माझी तालीम उत्तम चालू आहे. उस्ताद रोज सकाळी कडक मेहनत करवून घेतात."

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. आपल्याकडं काय, ते तुम्हाला सांगायला नको. बापूंना वाचता येत नव्हतं. पत्र वाचून दाखवलं गावच्या जोशीबुवांनी, अन् त्यांना उर्दूचा गंध नव्हता.

आठव्या दिवशी बापू वसतिगृहाच्या दारात. रामराम न्हाई, चौकशी न्हाई, आधी त्यांनी माझे दोन्ही कान चाचपले. पैलवानाचे कान चुरगळलेले असतात ना. "लपवून राह्यला का? सामान बांध. कालिज बस झालं." मी अर्थ सांगायला लागलो तर म्हणाले, "शब्द मला शिकवू नको." शिक्षण तिथंच संपत होतं.

शेवटी त्यांना उस्तादांकडं नेलं. काडीसारखा माणूस, जाड चष्मा. बापू बघतच राहिले. "हे मेहनत घेतात?" मला हसू आवरेना. उस्ताद मात्र पत्राची गोष्ट ऐकून हसले नाहीत. "गलती इसकी नहीं, मेरी है," ते म्हणाले. "लिखना सिखाया, किसकू लिखना वो रह गया."

बापूंनी दिवाळीपर्यंत राहायची मुदत दिली अन् परतले. उस्तादांनी तासाचा शिरस्ता बदलला. निबंध आधी वसतिगृहाच्या धोब्याला ऐकवायचा, तो अडेल ते वाक्य खोडायचं. घरच्या पुढच्या पत्राला मला तीन दिवस लागले. मराठी बोलत आल्तो जन्मभर, लिहायला बसलो तर हात चालेना. उत्तर आलं जोशीबुवांच्या अक्षरात, दोनच शब्दांचं: "समजलं. ऱ्हा."

आता इन्शा मीच शिकवतो. पोरं सुधारतात ती तासानं की धोब्यानं, हे मला अजून बराबर सांगता येत नाही. दर वर्षी नव्यानं बघतो. बापू गेले. धाकटा भाऊ मराठी, उर्दू दोन्ही वाचतो, मी कसंही लिहिलं तरी त्याला कळतं. तुम्ही विचारता, घराची आठवण येते का. येते, पत्र टपालात टाकल्यावर. यातला एखादा शब्द चुकला असेल, तरी आता त्यापायी गाडीत बसून कुणी येणार न्हाई.