सात आठवडे बिननावाची

आयर्लंडात, बॅलीव्हर्नीच्या बाजूला वासरू जन्मलं की वीस दिवसांच्या आत त्याच्या दोन्ही कानांत पिवळा बिल्ला ठोकून नंबर सरकारला कळवावा लागतो. फिनबार ओ लूसाची मुलगी सात आठवड्यांची झाली, तरी तिला ना बिल्ला, ना नाव. हा हिशेब बॅट केलेहरने केला होता, आणि तो त्याने आपल्या गोठ्याच्या दारात उभं राहून, फिनबार दुधाची नळी जोडत असताना, चार गाईंच्या साक्षीने ऐकवला.

"माझी कालची कालवडसुद्धा तुझ्या पोरीच्या पुढे गेली, फिनबारा."

"तुझ्या कालवडीला मावशी नाही," फिनबार म्हणाला. "आजी नाही. आणि मुख्य म्हणजे डब्लिनची आई नाही."

फिनबार अठरा वर्षं दुधाचा टँकर चालवत होता. एक दिवसाआड तीस गोठे. टाकीत काठी बुडवून माप घ्यायचं, थर्मामीटर बघायचा, नमुन्याची बाटली भरायची, झाकण उघडून नाक आत घालायचं. वास आला तर दूध तिथेच राहणार, मालक सख्खा मामा असला तरी. फेब्रुवारीत गाई व्यायलेल्या असतात, तेव्हा एखादा चिकट माणूस हळूच चीकही टाकीत ओतून देतो. फिनबारला तो लांबूनच कळायचा. इतकं तिखट नाक असलेल्या माणसाला स्वतःच्या घरात काय शिजतंय ते मात्र सात आठवडे कळलं नव्हतं.

झालं होतं असं. गेल्या डिसेंबरात त्याच्या गरोदर बायकोचा, डर्व्हलाचा, रक्तदाब वाढल्याचं निमित्त झालं आणि तिला कॉर्कच्या मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे पडून राहावं लागलं. फिनबारच्या आईने कपाटातली निळी फीत काढून दिली. इथे दर वर्षी अकरा फेब्रुवारीला संत गोबनिटचा दिवस असतो. त्या दिवशी तिची लाकडाची जुनी मूर्ती बाहेर ठेवतात. लोक घरून फीत आणतात, मूर्तीच्या डोक्यापासून पायापर्यंत लावतात, मग तिच्याभोवती गुंडाळतात आणि घरी नेऊन ठेवतात. घसा धरला, गाय अडली, बाई अडली, की ती फीत बाहेर निघते. फिनबार एरवी देवळात लग्नाला आणि मयताला जाणारा. पण त्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, फीत मुठीत धरून, त्याने कबूल केलं होतं: दोघं नीट घरी आली आणि मुलगी झाली, तर नाव गोबनिट.

दोघी नीट घरी आल्या. मुलगी होती. इथून पुढे सगळं बिघडलं.

"वचन तू दिलंस," डर्व्हला म्हणाली, "मग नाव तिने का वाहायचं? तूच बदल की आपलं. गोबनिट ओ लूसा, टँकर ड्रायव्हर."

डर्व्हलाचंही चुकत नव्हतं, हाच खरा वैताग होता. तिने व्हँकुव्हरमध्ये चार वर्षं काढली होती. ऑफिसात तिला 'डी' म्हणायचे. कॉफीच्या दुकानात ती आपणहून 'अ‍ॅना' सांगायची, कारण खरं नाव सांगितलं की मागची रांग उसासे टाकायची. "चार वर्षं कुणी हाक मारली की आधी मी मागे वळून बघायचे, कुणाला मारतायत म्हणून. तू कुठे गेलायस रे? मॅक्रूमच्या पुढे तुझा टँकर जात नाही. तुझं नाव सगळ्यांना येतं कारण तुला विचारणारे सगळे तुझे मावसभाऊ आहेत!"

व्हँकुव्हरला राहिलेल्या तिच्या बहिणीने फोनवर ते नाव म्हणायचा तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिला ठसका लागला. "हे खोकल्याचं औषध आहे का गं?" तिने विचारलं, आणि दोघी बहिणी हसत सुटल्या. फिनबार उठून बाहेर गेला आणि धुतलेला टँकर त्याने पुन्हा धुतला.

आई तरी आपल्या बाजूने असेल, असं त्याला वाटलं होतं. का वाटू नये? गोबनिट तिचंच नाव. पण उभ्या गावात तिला म्हणायचे अ‍ॅबी. जुन्या काळी पाद्री आणि मास्तर इंग्रजी वहीत गोबनिट हे आयरिश नाव लिहायचेच नाहीत, सरळ अ‍ॅबी लिहायचे. तशी रीतच होती, कुणी का म्हणून विचारलं नाही. ती सतरा वर्षांची असताना लंडनच्या एका हॉटेलात चादरी घडी करायला गेली, तीही अ‍ॅबी म्हणूनच. परत आली, लग्न केलं, विधवा झाली, सगळं अ‍ॅबी म्हणूनच.

"नको रे बाबा," ती भाकरीवर लोणी लावत म्हणाली. "पोरीच्या डोक्यावर ते ओझं नको. तू मोठ्या कौतुकाने ठेवशील आणि दुसऱ्या दिवसापासून लोक तिला काहीतरी भलतंच म्हणतील. मला ठाऊक आहे ना."

"आई, तुझंच नाव आहे!"

"म्हणूनच सांगते. ओरडू नको, बाळ झोपलंय."

त्या घरात कुणालाच ओरडता येत नव्हतं, कारण बाळ कायम झोपलेलं असायचं किंवा कायम रडत असायचं. नोंदणीचा फॉर्म फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता आणि त्याच्या कोपऱ्यावर केचपचा डाग पडला होता. मुदत संपत आली होती.

आणि मग दहा फेब्रुवारीला डर्व्हलाने फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "सुटला प्रश्न," ती म्हणाली. "अ‍ॅबी."

"काय अ‍ॅबी?"

"नाव! तुझ्या आईचं नाव हवं ना तुला? हेच तिचं नाव. सगळ्या जगाला म्हणता येतं. माझ्या बहिणीला तर फार आवडलं. तुझं वचनही राहतं. तूच म्हणालास ना, वहीत दोन्ही एकच?"

फिनबारने तोंड उघडलं. मग मिटून फॉर्मवरचा केचपचा डाग नखाने खरवडला. हे चूक आहे एवढं त्याला कळत होतं, जसं झाकण उघडताच दूध कळतं. पण दुधाला निदान नमुन्याची बाटली दाखवता येते. इथे काय दाखवणार? आईला सगळे अ‍ॅबीच म्हणत होते. डर्व्हलाही म्हणत होती. सात आठवडे भांडून तो हरला, तोही स्वतःच्याच मुद्द्यावर.

"ठेव," तो म्हणाला, आणि दार जरा जोरात लागलं. बाळ उठलं. त्यावरून वेगळं भांडण झालं.

दुसऱ्या दिवशी तिघं बाळाला घेऊन फीत लावायला गेले. रांग बरीच होती. फिनबारला वाटलं, आता सांगून टाकावं, निदान म्हातारी तरी खूश होईल.

"आई, ठरलं. तुझ्या मनासारखं झालं. गोबनिट नाही. अ‍ॅबी."

आईच्या हातात नवी फीत होती. तिने ती बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"कुणाचं नाव?"

"तुमचंच की, अ‍ॅबी," डर्व्हला म्हणाली.

"माझं नाही ते." आवाज मोठा नव्हता, पण पुढची दोन डोकी वळली. "ते पाद्र्याच्या वहीतलं आहे. तुमच्या त्या वासरांच्या कानात ठोकतात तसलं. माझी आई मला गोबनिट म्हणायची. ती गेली त्याला एकतीस वर्षं झाली. त्यानंतर मला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. तुझ्या बापानेसुद्धा नाही."

"मग सात आठवडे नको नको का करत होतीस?" फिनबार जवळजवळ किंचाळला.

"कारण कुणी म्हणणार नाही म्हणून! माझ्यासारखंच तिचंही व्हायचं. घरात एक, बाहेर एक. पण अ‍ॅबी? ते तर मुळीच नको. त्यापेक्षा मेरी ठेवा, कॅथलीन ठेवा, काहीही ठेवा."

रांग पुढे सरकली. आईने फीत मूर्तीच्या डोक्यावर टेकवली, पायापर्यंत आणली, आणि भोवती गुंडाळायला डर्व्हलाने दुसरं टोक धरलं.

गाडीत बसल्यावर डर्व्हलाने सीटचा पट्टा ओढला आणि लावायचं विसरून तसाच धरून ठेवला. 'अ‍ॅना' म्हणून घेतलेल्या किती कॉफ्या तिला आठवल्या असतील, कोण जाणे.

"तुम्ही म्हणून दाखवा," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"नाव. तुमची आई म्हणायची तसं."

मागच्या सीटवर म्हातारीने बाळाकडे बघून हळूच म्हटलं. डर्व्हलाने म्हटलं. म्हातारीने मान हलवली.

"शेवटी जीभ वरच्या दातांमागे पसरून लाव. आपटू नको. ट पण नाही आणि च पण नाही, त्यांच्या मधलं."

डर्व्हलाने पुन्हा म्हटलं. पुन्हा मान हलली. दोन मैल हेच चाललं. डब्लिनच्या बाईला कुणी दोन मैल चुकीचं ठरवलं आणि ती गप्प राहिली, असं फिनबारने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी त्याला राहवलं नाही. "अगं सोपं आहे, असं," तो म्हणाला आणि त्याने ठणकावून म्हटलं.

"तुझंही चुकतंय," आई म्हणाली.

"माझं?"

"सात आठवडे ऐकतेय. इंग्रजी ट लावतोस शेवटी. मी म्हटलं, जाऊ दे."

डर्व्हला इतकी हसली की बाळ उठलं. घरी गेल्यावर तिनेच फॉर्म भरला, केचपच्या डागाला वळसा घालून, गोबनिट. फिनबारला पेन कुणी दिलंच नाही. जी गोष्ट तो सात आठवडे एकटा मागत होता, ती शेवटी त्याला वगळून झाली.

तेरा तारखेला बॅटच्या गोठ्यात तो नळी जोडत होता.

"काय ठरलं?" बॅट म्हणाला.

"गोबनिट."

"वा! छान. जुनं नाव." बॅटने टोपी मागे सारून थोडा विचार केला. "आणि मग तिला हाक काय मारायची?"

"तेच!" फिनबार ओरडला. कालवड दचकून मागे सरली. "तेच मारायची. दुसरं काहीही नाही. नीट, पूर्ण, शेवटपर्यंत."

"बरं बरं. ओरडतोस कशाला? कसं, म्हणून दाखव."

फिनबारने तोंड उघडलं. जीभ वरच्या दातांमागे नेली, पसरली, आणि मग ती नक्की किती पसरायची ते आठवेना. पाठीमागे पंप सुरू झाला होता. त्याने बॅटकडे पाहिलं, मग नमुन्याच्या बाटलीकडे.

"रविवारी घरी ये," तो म्हणाला. "आई शिकवेल."