यजमानाची गाडी धुण्याची जुनी पद्धत

हसायचं तर हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. ही फजिती ऐकताना आमच्या एका मित्रानं शर्टावर चहा सांडला, आणि त्याच्या बायकोनं दोष मला दिला!

तर मी एकतीस वर्षं बहरीनमध्ये, सित्रातल्या एका कंपनीत स्टोअर क्लार्क होतो. सकाळी कंपनीची बस घेऊन जायची, संध्याकाळी तीच आणून सोडायची. बहरीन म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर मी बसच्या डाव्या खिडकीतून दिसतं ते सांगितलं असतं. उजव्या बाजूला काय आहे ते मला निवृत्तीनंतर कळलं.

निवृत्त होऊन वसईला परतायचा बेत होता. पण मुलगा म्हणाला, "पापा, राहा इथंच." मग मी आणि सिसिलिया, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, रिफाला त्याच्या घरी राहायला आलो.

रिकाम्या माणसानं एक वेळ पत्ते खेळावेत, पण पुस्तकं वाचू नयेत. मी वाचलं. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलनं फिरण्यावरचं एक जाडजूड पुस्तक. काय ते रस्ते! गाड्या नाहीत, हॉर्न नाही, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, आणि वाटेत कुणीही दार उघडून वाटसरूच्या हातावर पाव आणि चीज ठेवतो म्हणे. मी ठरवलं, मरायच्या आधी हे करायचं. सिसिलियाला घेऊन.

सिसिलियाचं काही वेगळंच ठरलं होतं. तिची बहीण रेजिना वसईहून फ्रान्समधल्याच लूर्दच्या यात्रेला निघाली होती. एसी बस, बरोबर फादर, दोन्ही वेळचं जेवण. आमच्यासाठी तिनं दोन जागा धरून ठेवल्या होत्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"सायकलवर कोण विचारणार आहे तुम्हाला?" सिसिलिया म्हणाली. "परका मुलुख. तहान लागली तर पाणी तरी देईल का कुणी?"

"सायकलवाल्याला जग घरात बोलावतं."

"एकतीस वर्षं या देशात काढली. एकानं तरी घरी बोलावलं?"

"मी तेव्हा बसमध्ये होतो!"

"बरं. आता सायकलवर बसा. शनिवारपर्यंत कुणी बोलावलं तर येते तुमच्याबरोबर. नाहीतर बस."

झालं! माझं सगळं फ्रान्स आता रिफाच्या गल्ल्यांवर अवलंबून.

बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारातल्या एका दुकानातून मी जुनी, दणकट, मागं कॅरिअर असलेली सायकल आणली. पुस्तकात लिहिलं होतं, हँडलला पुढं एक पिशवी हवी. पिशवी घरात सापडली नाही. निळी प्लॅस्टिकची बादली सापडली, ती अडकवली. त्यात पाण्याची बाटली, घाम पुसायला दोन जुने टॉवेल आणि पुस्तक. सुरक्षितता म्हणून कंपनीचं जुनं नारिंगी जाकीट चढवलं. आरशात पाहिलं. अगदी फ्रान्सला शोभेल असा दिसत होतो.

आमची नात म्हणाली, "ग्रँडपा, प्लीज डोन्ट गो लाइक दॅट."

मुलांना सौंदर्यदृष्टी उशिरा येते.

बुधवारी सकाळी सहाला निघालो. रिफात सगळे गाडीनंच फिरतात, आणि सहाला गाड्याही झोपलेल्या असतात. काय शांतता! द्राक्षमळ्यांच्या जागी कंपाउंडच्या भिंती होत्या, एवढाच फरक. एका आजोबांनी गेटमधून हात वर केला. "सदीक, सलाम!" सदीक म्हणजे मित्र. पहिल्याच दिवशी मित्र!

गुरुवारी एका बंगल्यातून मोलकरीण धावत आली आणि फॉइलमध्ये गुंडाळलेला पाव आणि चीज माझ्या बादलीत टाकून गेली. पाव! आणि चीज! पुस्तकात होतं तेच! मी घरी येऊन तो पाव सिसिलियापुढं पुराव्यासारखा ठेवला.

"पाव मिळाला," ती म्हणाली. "आमंत्रण कुठाय?"

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, चर्चला जायच्या आधी, शेवटची फेरी. एका मोठ्या पांढऱ्या बंगल्यातून चाळिशीचे एक गृहस्थ बाहेर आले. पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात चहाचा ग्लास. त्यांनी मला थांबवलं, सायकल निरखली, बादलीत वाकून पाहिलं. टॉवेल बघून त्यांना का कोण जाणे, फार समाधान वाटलं.

"सदीक, तुम कल आना. सात बजे. मेरा घर."

माझा कानांवर विश्वास बसेना. "कल? आपके घर?"

"हां, कल. फिर हर हफ्ता आना. माफी मुश्किला?"

माफी मुश्किला म्हणजे काही अडचण नाही ना. अडचण? दर आठवड्याला बोलावणं! अहो, सख्खा भाऊ वर्षातून एकदा बोलावतो!

"माझी मिसेस पण येईल," मी हिंदीत सांगितलं.

त्यांनी भुवया उंचावल्या, मग दारात उभ्या असलेल्या दोन गाड्यांकडं पाहिलं आणि खांदे उडवले. "जैसा तुमको आसान."

काय तो दिलदारपणा!

शनिवारी सिसिलिया पहाटे उठली. रव्याचा केक केला, ठेवणीतली मोरपिशी रेशमी साडी नेसली. सून तिला गाडीनं सोडणार होती. मी म्हटलं, मी सायकलनंच जाणार, शेवटी आमंत्रण सायकलचं आहे. सातला पाच मिनिटं असताना मी गेटवर हजर.

गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पाइप आणि साबणाची बाटली दिली, बोटानं दोन गाड्या दाखवल्या, म्हणाले, "पहले बडा वाला," आणि आत गेले.

मी पाइपकडं पाहिलं. गाडीकडं पाहिलं. बादलीकडं, टॉवेलांकडं, जाकिटाकडं पाहिलं.

मुलाची गाडी रोज सकाळी चकचकीत असायची. ती कोण धुतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सकाळी सहाला बादली घेऊन सायकलवर कोण फिरतं, हे अख्ख्या रिफाला माहीत होतं. फक्त जाड पुस्तकं वाचणाऱ्या एका क्लार्कला माहीत नव्हतं.

आता काय करायचं? बेल दाबून "चूक झाली" म्हणायचं? आणि पाच मिनिटांत रेशमी साडीतली सिसिलिया केक घेऊन उतरेल, तिला काय सांगायचं? संध्याकाळी रेजिनाला फोन जाईल, आणि मी लूर्दच्या एसी बसमध्ये, डाव्या खिडकीला!

मी पाइपचं पाणी सोडलं. असा धुवायला लागलो की काय सांगू! एका मिनिटात टप, दुसऱ्या मिनिटात दारं. तिच्या आत उरकायचं. पण बडा वाला खरोखरच बडा होता. मी पुढच्या काचेवर पोहोचलो तोच मागं सुनेची गाडी थांबली आणि निघूनही गेली.

"अहो! हे काय?"

टॉवेल हातात, कोपरापर्यंत फेस. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"पद्धत आहे इथली. जुनी. पाहुण्यानं आधी यजमानाच्या गाडीची धूळ उतरवायची. मान असतो तो."

"एकतीस वर्षांत मी कधी ऐकलं नाही."

"एकतीस वर्षांत कुणी बोलावलंय का?"

हे तिला पटलं. नको तेवढं पटलं! तिनं केक दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "मग मी काय नुसती उभी राहू? बरं दिसेल का? द्या तो दुसरा टॉवेल. आणि काच अशी गोल गोल पुसतात का? डाग राहतात. सरका!"

मी सरकलो. दुसरं करणार काय?

तेवढ्यात दार उघडलं. गृहस्थांच्या आई बाहेर आल्या. अंगभर काळा अबाया, हातात जपाची तसबी. त्यांना दिसलं काय? मोरपिशी रेशमी साडीतली, गळ्यात सोन्याचा क्रूस घातलेली पोक्त बाई त्यांच्या गाडीची काच पुसतेय, आणि शेजारी बॉनेटवर केक!

त्या अरबीत अशा कडाडल्या की लेक अनवाणी धावत आला. मला त्यातला एकच शब्द कळला, "ऐब!" लाज वाटू दे, अशा अर्थाचा.

"मॅडम, मॅडम, प्लीज! व्हाय यू?" तो बिचारा टॉवेल ओढायला लागला.

"नो नो," सिसिलिया हसून म्हणाली. "युवर कस्टम. गेस्ट वॉश कार, देन ब्रेकफास्ट. माय हजबंड टोल्ड. व्हेरी नाइस कस्टम."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी टायरकडं पाहिलं. त्यानं केककडं पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर सगळं उजाडलं. आता हा तोंड उघडणार आणि माझं फ्रान्स खलास!

तो घसा खाकरून म्हणाला, "येस, मॅडम. व्हेरी ओल्ड कस्टम. बट एनफ. नाऊ ब्रेकफास्ट."

अहो, त्या क्षणी मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो!

आणि मग काय न्याहारी झाली म्हणून सांगू! गोड शेवयांवर ऑम्लेट, तव्यावरची गरम खुब्ज रोटी, खजूर, वेलचीचा दुधाळ चहा. आईंनी सिसिलियाला आपल्या शेजारी बसवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी सुनांबद्दल अर्धा तास बोलल्या. केक संपला. मी सित्राच्या नोकरीचं सांगितलं तेव्हा गृहस्थ मला हळूच हिंदीत म्हणाले, "माझे वडीलही सित्राला होते. तेही असेच थापा मारायचे." आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

तिथंच बसून सिसिलियानं वसईला फोन लावला. "रेजिना, आमच्या जागा देऊन टाक गं कुणाला. आम्ही लूर्दला सायकलनं येतोय. हो, सायकलनं! माणसं भेटतात गं, तुला बसमधून काय कळणार!"

जिंकलो! मी चहाचा तिसरा ग्लास घेतला, कुणी देत नसतानाच.

निघताना दोघं गेटशी उभे होतो, सून येण्याची वाट बघत. मी छाती काढून सायकल धरली होती. शेजारच्या बंगल्याचे मालक भिंतीवरून डोकावले. त्यांनी सकाळपासून सगळं पाहिलं असावं.

"सदीक! मंगळवारी माझ्याकडं," ते हिंदीत म्हणाले. "सात वाजता."

सिसिलिया माझ्याकडं वळून कुजबुजली, "बघा! आणखी एक आमंत्रण!" मग मोठ्यानं, "येस, येस, आम्ही दोघं येऊ!"

"नाही, नाही," शेजारी घाईघाईनं म्हणाले, "तुम्ही एकट्याच या, मॅडम. म्हातारा डाग ठेवतो."