राहिलेला फ्री थ्रो

काय गलका होता मैदानावर! मुलींचा बास्केटबॉल सामना बरोबरीत, उरलेले जेमतेम काही सेकंद. फाउल झाला म्हणून आमच्या कॉलनीतल्या सायलीला दोन फ्री थ्रो मिळायला हवे होते, पण पंचांनी एकच दिला. तो हुकला, खेळ पुढे पळाला आणि चेंडू बाहेर गेला. तेवढ्यात शिट्टी! पंचांनी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं. "चूक माझी. हिचा एक राहिलाय."

चेंडू पुन्हा आत आला असता, तर नियमाप्रमाणे चूक कायमची झाली असती. आपण घरीदारी चूक कळली, की नेमका तोच चेंडू घाईघाईने आत टाकतो की!

सगळ्या मुली मागे सरल्या. बास्केटसमोर सायली एकटी.

"थँक्यू, सर."

"थँक्यू कसलं? तुझाच होता तो."