माझ्या बाटलीत पाणी होतं

पपईचा पोकळ देठ फेकला गुरुजींनी. तो उंबरठ्यावर आपटला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला.

"तुझी नळी ती," गुरुजी म्हणाले. "काचेची इकडची आहे."

वर्ग हसला.

सातवीत होते मी. गावातून धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून चालत जायचं, मग गोरेगावच्या सडकेला लागलं की शाळा. महारटोलीतून त्या शाळेत जाणारी मी एकटी पोरगी. वर्गात टाटपट्ट्या अंथरलेल्या असत. पुढच्या पट्टीवर मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या घरची पोरं, त्यांच्यामागे शेतीवाल्यांची, दुकानवाल्यांची. माझी जागा दाराबाहेर, पडवीत. देश स्वतंत्र झाला होता. मालगुजारी कायद्यानं गेली होती. पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेवर झेंडा लागायचा, आणि त्या झेंड्याला मी सलाम करायची तोही पडवीतूनच.

त्या दिवशी विज्ञानाचा तास होता. गुरुजींनी टेबलावर काचेचा प्याला ठेवला होता. त्यात चुन्याची निवळी. पाण्यात चुना कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी ओतून घ्यायचं, ती निवळी. दिसायला पाण्यासारखीच. गुरुजी म्हणाले, "आपण जो श्वास बाहेर टाकतो, त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. डोळ्यांनी दिसत नाही. पण निवळीत फुंकर मारली की ती दुधासारखी पांढरी होते. तोच पुरावा."

एकेक पोरगा उठला. काचेची नळी धुऊन घ्यायचा, प्याल्यात ताजी निवळी घ्यायचा, फुंकायचा. निवळी पांढरी व्हायची. पोरं टाळ्या पिटायची. मी दारातून मान लांब करून बघत होते. पुस्तकात तो धडा मी आधीच वाचला होता. चित्र पाठ होतं. मला फक्त एकदा फुंकायचं होतं.

म्हणून मी बोलले. "गुरुजी, मी?"

तेव्हा तो देठ आला.

मग गुरुजींनी हिरामणला जवळ बोलावून हळूच काही तरी सांगितलं. हिरामण शेतीवाल्याचा पोरगा, शेवटच्या पट्टीवर बसायचा. माझ्यात आणि त्याच्यात एक उंबरठा. तो कोपऱ्यात गेला, औषधाची एक जुनी बाटली भरून आणली आणि माझ्यापासून हातभर लांब ठेवली. तोंडाशी कपचा उडालेली बाटली. तरी मला आनंद झाला, हे सांगितलंच पाहिजे. वेगळी का होईना, मला बाटली मिळाली होती. मी देठ आत घातला आणि फुंकलं.

बुडबुडे आले. पाणी नितळच.

अजून फुंकलं. गाल दुखायला लागले. पाणी नितळच. पोरं उठून दारापाशी आली. कोणी तरी मोठ्यानं म्हणालं, "ए, इचं तं काहीच नाई होऊन राहिलं!" मी जीव खाऊन फुंकत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली. बाटलीतलं पाणी होतं तसंच.

गुरुजी दारापर्यंत आले. वाकून बाटलीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

"बघितलंत?" ते वर्गाला म्हणाले. "सगळ्यांचा श्वास सारखा नसतो."

एवढंच बोलले आणि फळ्याकडे वळले. कोणी काही विचारलं नाही. विज्ञानाचा तास होता तो.

सुटी झाल्यावर ती बाटली तिथेच पडली होती. कोणी उचलणार नव्हतं. मीच उचलली. देठही उचलला. घरी आणला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते कोणाला सांगितलं नाही. मी तोंडाला ओढणी लावून फिरायला लागले. धाकटी बहीण माझ्या कुशीत झोपायची, मी तिच्याकडे पाठ करायला लागले. माझा श्वास तिच्या तोंडावर जाऊ नये म्हणून. आम्ही गावाच्या बाहेर राहतो, विहिरीवर चढत नाही, देवळाच्या पायरीशी थांबतो. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते लोकांनी केलेलं आहे, असं मला आत कुठे तरी वाटायचं. आता खुद्द विज्ञानानं सांगितलं होतं. काचेनं, पाण्यानं. बाटली कशाला खोटं बोलेल?

मायनं ओळखलं. चूल विझत आली होती. ती म्हणाली, "फुक ना वो. कायले तोंड फिरवतेस?"

"मी नाई फुकत."

"काऊन? तोंडाले का झालं तुह्या?"

मी रडायला लागले. सगळं सांगितलं. मायला निवळी कळली नाही, कार्बन डायऑक्साइड कळला नाही. तिला एकच कळलं. कोणी तरी आपल्या पोरीचा श्वास वाईट म्हटला. तिनं वाकून स्वतःच चूल फुंकली. मग म्हणाली, "श्वास वाईट रायते तं मरून जाते मानूस. तू तं चांगली जित्ती आहेस."

हे काही उत्तर नव्हतं. पण माझं रडणं थांबलं.

मायची तंबाखूची पिशवी खुंटीला होती. तिच्यात चुन्याची डबी. माझं लक्ष तिकडे गेलं आणि मी उठले. मातीच्या गाडग्यात पाणी घेतलं, बोटभर चुना कालवला, झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर नितळ पाणी आलं होतं. गाडगं जराही हलू न देता ते मी त्याच बाटलीत ओतलं. तोच देठ घातला. सुकून चिरला होता, चिरेवर बोट दाबून धरलं. फुंकायची भीती वाटत होती. याही वेळी काही झालं नाही तर? तर मग आयुष्यभर तेच खरं.

फुंकलं.

बाटली पांढरी झाली.

मी तशीच बसून राहिले. आनंद झाला नाही. हसूही आलं नाही. डोकं मात्र चालायला लागलं. बाटली तीच. देठ तोच. श्वास माझाच. मग त्या दिवशी काय वेगळं होतं?

बाटलीत भरलेलं. फक्त तेच वेगळं होतं.

गोरेगावच्या बाजारात हिरामण भेटला. बापासोबत आला होता. बाप बैलाच्या दोराचा सौदा करत होता, तेवढ्यात मी त्याला गाठलं. विचारलं, "त्या दिवशी बाटलीत का भरलं तू?"

तो आधी इकडेतिकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "मटक्यातलं पानी. गुरुजीनं सांगतलं होतं. म्हनले, तिले निवळी कायले नासवाची." आणि लगेच, "माहं नाव नको सांगू बाप्पा."

माझ्या अंगातून काही तरी सर्रकन वर गेलं. राग म्हणतात तो हाच असेल. आजवर मला लाज वाटायची, भीती वाटायची. राग पहिल्यांदा आला.

विज्ञानाच्या पुढच्या तासाला मी घरून निवळी नेली. बाटली, देठ सगळं. गुरुजी फळ्यावर लिहीत होते. मी पडवीत उभी राहिले.

"गुरुजी, त्या दिवशी माझ्या बाटलीत निवळी नव्हती. पाणी होतं."

खडू थांबला. "काय म्हणालीस?"

"पाणी होतं. ही निवळी आहे. बघा."

आणि मी फुंकलं. सगळ्यांदेखत. बाटली पांढरी झाली. टाळी कोणी वाजवली नाही. बाहेरच्या सडकेवरची बैलगाडी ऐकू येत होती.

गुरुजींचा चेहरा मला अजून दिसतो. चूक कळल्याचा नव्हता तो. पकडलं गेल्याचा होता. ते छडी घेऊन आले. पहिली छडी बाटलीवर बसली. काचा झाल्या. दुसरी माझ्या मनगटावर. तिसरी खांद्यावर. मला हात लावला तर त्यांना विटाळ व्हायचा. छडीनं होत नव्हता.

हेडमास्तरांनी बाला बोलावलं. बा गावचा कोतवाल. दवंडी द्यायची, पाटलाचा निरोप पोचवायचा, साहेब आला की घोड्यापुढे धावायचं. शाळेच्या कमिटीवर मालगुजार होते आणि बाची कोतवाली त्यांच्या एका शब्दावर होती. बा काठी बाहेर ठेवून, पागोटं काढून, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभा राहिला.

"तुझी पोरगी गुरुजींना खोटं ठरवते," हेडमास्तर म्हणाले.

"लहान आहे जी."

हेडमास्तर तसे वाईट नव्हते. त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "निवळीच होती. हिनं गरजेपेक्षा जास्त फुंकलं. जास्त फुंकलं की पांढरी झालेली निवळी पुन्हा नितळ होते. हे शास्त्र आहे."

खरं होतं ते. पुस्तकातही होतं. पण मी म्हटलं, "मग मधी एकदा तरी पांढरी झाली असती. झाली नाही. साऱ्या वर्गानं पाहिलं."

हेडमास्तरांनी हिरामणला बोलावलं. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. पण बाटली त्यानं भरली हे सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"बाटलीत काय भरलं होतंस?"

हिरामणनं गुरुजींकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "मले याद नाई जी."

त्याच्यावर मी तेव्हा चिडले नाही. तोही तेरा-चौदा वर्षांचाच होता. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. खरं माहीत असलेला माणूस आणि खरं बोलणारा माणूस, हे दोन निराळे असतात.

"माफी माग," हेडमास्तर मला म्हणाले. "विषय संपव."

"मी खोटं बोलले नाही."

"माफी मागेपर्यंत वर्गात यायचं नाही."

आणि तेव्हा बा खाली वाकला. उंबरठ्याबाहेर, मातीत. गुरुजींच्या पायांच्या दिशेनं डोकं टेकवलं. पायांना लागू नये इतकं लांबून.

"माझ्या पोरीची चुकी झाली जी. मी मागतो माफी. तिचं शिक्षन नका तोडू."

गुरुजींनी पाय मागे घेतले.

छडीचे वळ होते अंगावर, ते दुखले नव्हते इतके. मी ओरडले, "बा, ऊठ!" बा उठला नाही. "ऊठ ना बा! चुकी नाई झाली कोनती!" बा मातीतच होता. मी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. त्याच्या कपाळाला माती लागली होती. ती पुसावी असंही त्याला सुचलं नाही.

घरी जाताना सबंध धुरा बा पुढे चालत राहिला. टोलीशी आल्यावर म्हणाला, "उद्यापासून मायसंगं कापनीले जा. झालं शिकनं."

"मी शाळेत जाईन."

"मारून राहिले तरी?"

"मारलं तरी."

"माही कोतवाली जाईन, मालूम आहे तुले?"

मला मालूम होतं. घरात त्यावरच चूल पेटायची. बानं हो म्हटलं नाही. आणि सकाळी निघाले तेव्हा अडवलंही नाही.

मी पडवीत बसले नाही. चपला नव्हत्याच, पाय झटकले आणि उंबरठा ओलांडला. मागच्या टाटपट्टीवर, हिरामणच्या शेजारी जाऊन बसले. हिरामण सरकला. मला जागा द्यायला की माझ्यापासून लांब व्हायला, ते कळलं नाही. मी विचारलंही नाही. पुढच्या पट्टीवरची पोरं उठून भिंतीला लागली.

गुरुजी आले. मला पाहिलं.

"बाहेर."

मी बसून राहिले.

"बाहेर हो म्हणतो ना!"

छडी उगारली. मी हात वर केला आणि छडीचं टोक धरलं. घट्ट. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. गुरुजींनी हिसका दिला. मी सोडलं नाही. मग त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं, त्यांच्या बोटांपासून किती जवळ आहेत तिकडे. त्यांनी छडी सोडून दिली. अशी सोडली, जशी तापली असावी.

मी छडी खाली ठेवली. मग म्हटलं.

"मी उठत नाही, गुरुजी. काढायचं असेल तर हाताला धरून काढा."

ते उभे राहिले. वर्ग उभा होता. पडवीत हेडमास्तर येऊन उभे राहिले. कोणीच पुढे आलं नाही. एवढ्या माणसांत माझ्या हाताला धरायची हिंमत एकाचीही नव्हती. ज्या विटाळानं मला इतकी वर्षं बाहेर ठेवलं होतं, त्याच विटाळानं आज त्यांचे हात बांधले होते. मी ते बघितलं. नीट बघून घेतलं.

त्या वर्षी कोतवाली गेली. बा मजुरीला लागला. गुरुजींनी माफी मागितली नाही, आणि वर्षभर माझ्याकडे पाठ करूनच शिकवलं. मी त्या पाठीकडे बघून शिकले. रोज आत बसले. रोज कोणी तरी म्हणायचं, बाहेर हो. रोज मी म्हणायची, हात लावा आणि काढा.

अजूनही म्हणते.