एकही बिडी न ओढलेले आजोबा

भंडारा जिल्ह्यात जन्मभर खोटे न बोललेला माणूस दाखवा म्हटले, तर मी सानगडीतले माझे शेजारी, म्हणजे माझे चुलत दीर दाखवीन. बाळांनो, तुमचे हे आजोबा बाजारात किडके वांगे दिसले की आधी विकणाऱ्याला सांगतात, मग गिऱ्हाइकाला, आणि शेवटी त्यांनाच कोणी वांगी विकत नाही. माझ्या भाजीत मीठ कमी पडले तर भरल्या पंगतीत म्हणतात, "वयनी, आज हात आखडला बा तुमचा!" आणि दोनदा वाढून घेतात.

चाळीस वर्षे ते बिडी कारखान्यात तपासनीस होते. बायका घरी वळलेल्या बिड्या सुपात घेऊन येत आणि आजोबा वैद्याने नाडी धरावी तसे एकेक बंडल हातात धरत. दोऱ्याच्या गाठीवरून आणि मोडणीवरून, म्हणजे बिडीचे तोंड दुमडलेल्या घडीवरून, ती कोणी वळली ते ओळखत. एकदा एका बाईला म्हणाले, "पोराले ताप हाय का वो? मोडणी सैल झाली तुही." ती तिथेच रडू लागली; पोर तीन दिवस तापाने फणफणत होते. मी इतकी वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, पण मुलांच्या वह्यांतून मला एवढे कधी वाचता आले नाही.

प्रत्येक सुपातली एक बिडी ते पेटवून पाहत. दोन-तीन झुरके, की विझवून बाजूला. निवृत्तीनंतरही बायका "भाऊ, जरा पाहून द्या" म्हणत दारात येत आणि हे पाहून देत. घरात मात्र जेवणानंतर फक्त बडीशेप.

गेल्या वर्षी शहरातल्या महाविद्यालयातून एक संशोधक मुलगी गावात रक्ताचे नमुने घ्यायला आली. "आजोबा, बिडी किती ओढता?"

"एकही नाही," आजोबा छाती पुढे काढून म्हणाले. तिने तसे कागदावर लिहून घेतले. मलाही ते खरेच वाटले.

काही महिन्यांनी ती निकाल घेऊन आली. धुरामुळे रक्तपेशींतल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा बसतात आणि त्या मोजता येतात, असे तिने समजावले. आजोबांच्या रक्तात त्या भरपूर होत्या. अशा माणसांना कर्करोगाने मरण येण्याचा धोका जास्त असतो. "हा अंदाज आहे, निवाडा नाही," ती हळूच म्हणाली.

आजोबा उसळले. "मी बिडी पेत नाही, बाई! मी बिडी पायतो. पेणं अलग, पायणं अलग!"

"रक्ताला तो फरक कळत नाही, आजोबा."

त्यांनी निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग आवाज एकदम खाली आला. "एवढ्याशा रक्तात चाळीस वर्षं लिवून हायेत? कोन्या तपासनिसाचं काम हाय हे?" दुसऱ्याच्या तपासणीपुढे त्यांना मान झुकवताना मी पहिल्यांदाच पाहिले. लगेच म्हणाले, "तो तुहा जुना कागद काढ. 'एकही नाही' खोड. खोटं झालं ते."

तिने खोडले. खुणा जातात का, हे त्यांनी त्यानंतर विचारले. बिडी सुटली की हळूहळू पुसट होतात, काही राहतात, असे ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांनी बिडी पेटवलेली नाही. बायका आल्या तर नुसत्या डोळ्यांनी पाहून देतात. परवा अंगणात बसले असताना म्हणाले, "समदं इसराले रक्ताले किती दिवस लागन, वयनी? तेवढे दिवस हायेत का माह्यापाशी?"

ते आता पंच्याहत्तरीचे झाले. यंदा सुट्टीत आलात की सामान माझ्याकडे टाकण्याआधी त्यांच्या दारात थांबा.