सुनेच्या हातातला पाना

माझी सून प्लंबर हाय. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मधीच फिदीफिदी केल्यालं मला खपणार न्हाई.

मी शालनबाई. माहेर चऱ्होलीचं, सासर चाकणच्या पल्याडचं. मालक कंपनीत व्हते, ते लवकर गेले. मागं राह्यला एक ल्योक, नवनाथ. त्याच्यासाठी बीडकडची पोरगी केली, विजयश्री. आमी तिघं पिंपळे गुरवात दोन खोल्यांत ऱ्हात व्हतो. सून चार घरची भांडी घासायची आन नवनाथ पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधी प्लंबिंग करायचा. हाताचं सोनं व्हतं पोरगं. डोक्याचं मातर शेण. आई हाय म्हणून खोटं बोलणार न्हाई.

त्या भागात एक रीत हाय. नवी बिल्डिंग उठली की कुणीतरी भाऊ तिच्या गेटवर हक्क सांगतो. वाळू त्याची, टाइल त्याची, प्लंबर बी त्यानंच धाडल्याला. एका बिल्डिंगीचा असा भाऊ व्हता विलास. नवनाथला तिथल्या एका साहेबानं बोलावलं आन हा शहाणा विलासला न इचारता आत गेला. माघारी निघाला तर विलास आन त्याची दोन माणसं गेटवरच उभी. त्यांनी ह्याला लोळवला, उजवा हात लोखंडी गेटच्या फटीत धरला आन गेट ढकललं. एकदा न्हाई, हाडं वाजायची थांबस्तोवर. वॉचमन पाठ करून बिडी वढीत व्हता. तक्रार केली तर म्हणे क्यामेरा बंद व्हता. त्यांच्या क्यामेऱ्याला बी बरी येळ कळती!

हात बरा झाला, पर मूठ वळंना. पाना धरला की सुटायचा. नवनाथ घरी बसला आन प्यायला लागला.

एक दिवस त्याच्या फोनवर जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मैत्री म्याडम. किचनमधी पाणी साचलंय, लवकर या. नवनाथनं फोन आदळला. विजयश्री भाकरी थापत व्हती. तिनं हात धुतले, नवनाथची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आन म्हणली, "आत्या, तव्यावरची उलटा. मी जाऊन येते."

"तुला काय येतंय?" मी वरडले.

"येईल की," म्हणली, आन गेली बी!

कुठलं येतंय! तिनं गिझरच्या लायनीला साधा पांढरा पाइप लावला. गरम पाणी सुटल्यावर त्यो मऊ पडला आन फाटला. म्याडमच्या घरात तळं. पर त्या म्याडम भल्या. त्यांनी नवनाथला फोन करून सांगितलं, बाईंना नीट शिकवा आन परत पाठवा.

नवनाथनं शिकवलं. त्याच फाटक्या पाइपानं तिच्या पाठीवर वळ उठवले. "ह्यो गरम पाण्याला लावत्यात व्हय? आं? गरम पाण्याला पिवळट पाइप, गार पाण्याला ह्यो!" एक फटका, एक अक्षर, अशी तिची शाळा. मी लाटणं घेतलं आन त्याच्या टाळक्यात घातलं.

"शिकवायचं तर तोंडानं शिकव, मुडद्या!"

"मला उस्तादानं आसंच शिकवलंय," म्हणला.

तिच्या जागी दुसरी आसती तर माहेरची यष्टी धरली आसती. ही पालथी पडल्या पडल्या इचारती, "आन जोडल्यावर पाणी किती येळानं सोडायचं?" माझा जीव तुटला, आन आतून वाटलं, ही बया काय ऐकत न्हाई. असा मार खात खात ती शिकली. चकती कुठली, पाइपाला आटा कसा पाडायचा, टेप कुठल्या अंगानं गुंडाळायची. चुकली की नवनाथ हातात येईल ते फेकून मारायचा. एकदा नळाची पितळी तोटी कपाळाला लागली, भळाभळा रगत आलं. तिनं पदर दाबून धरला आन तीच तोटी उचलून बघत बसली, आतून कशी हाय म्हणून.

पर सगळ्यात आधी त्यानं तिला शिकवलं ते हे. कामाला हात घालायच्या आधी वरनं येणाऱ्या पाण्याचा वॉल बंद करायचा, आन त्याची फिरवायची मूठ काढून आपल्या खिशात ठेवायची. खाली तुमी पाइप कापून बसलाय आन वर कुण्या येड्यानं वॉल उघडला, तर मेलात.

वर्षाच्या आत गिऱ्हाइकं तिला नावानं बोलवाया लागली. दुपारी घरात बाया एकट्या असत्यात, परक्या बाप्याला दार उघडायला कचरत्यात. हिला उघडत्यात, वर चहा पाजत्यात. भांडी घासायची कामं तिनं सोडली. पिशवी घेऊन रस्त्यानं चालली की मी बघत ऱ्हायची. माझी छाती फुगायची, का खोटं बोलू?

मंग विलासच्या पोटात दुखायला लागलं. आमच्या आळीच्या तोंडाशी गाडी लावून उभा राह्यला. "वहिनी," म्हणतो कसा, "तुमच्या घरात चांगले हात आता दोनच उरलेत. जपा."

विजयश्रीनं पिशवीतनं पाना काढला आन त्याच्या गाडीचा आरसा फोडला. मंग दुसरा फोडला. मंग पाना त्याच्या नाकापुढं धरला. "मी ऊसतोडीला वाढलेली बाई हाय, भाऊ. कोयता हातात घेऊनच चालायला शिकले. ये, हात लाव."

अख्खी आळी गोळा झाली. विलास आरशाच्या काचा झटकत निघून गेला, "बघून घेतो" म्हणत. त्या दिवसापास्नं मी तिच्यासंगं कामावर जायला लागले. आतलं काम ती करणार, मी वॉलपाशी बसून राखण करणार. कुणी आलं तर वरडायचं, एवढंच माझं काम.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणत्यात, ते उगी न्हाई.

एका मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा, निरंजन साहेबाचा, फोन आला. फोन घरात पडला व्हता, नवनाथनं उचलला. "विजयश्री प्लंबरच ना? आम्हाला पूर्ण बिल्डिंगचं काम त्यांना द्यायचंय. तुम्ही कोण, त्यांचे हेल्पर का?"

झालं! नवनाथनं तोच फोन तिच्या तोंडावर मारला. वठ फुटला, एक दात हालला. "हेल्पर! मी हेल्पर! तुझ्या आईला... पिशवी माझी हाय. ठिव खाली."

विजयश्रीनं रगत थुकलं. "पिशवी तुमची. घ्या. पर जे शिकले ते कसं काढून घेता?"

त्यानं तिला केसाला धरून भितीवर आपटली. मी मधी पडले तर मला बी लाथ बसली. मंग पिशवी उचलून गेला आन नदीत टाकून आला. विजयश्री सकाळी उठली, पायातले पैंजण मोडले आन नवा पाना, नवी करवत घेऊन आली. निरंजन साहेबाच्या त्याच बिल्डिंगीचं काम तिनं धरलं. मी म्हणलं, "बाई, दोन दिस थांब. त्याचं डोस्कं निवू दे."

"आत्या, आज मी थांबले तर जन्मभर थांबंन," म्हणली. खरं व्हतं ते. मी चपला घातल्या.

ऐन चैत्रातली दुपार. गच्चीवर सोलरच्या टाक्या. त्या उन्हात आतलं पाणी नुसतं उकळत्यालं. गच्चीच्या खालीच, सातव्या मजल्यावर पाइप गळत व्हता. विजयश्रीनं वॉल बंद केला, मूठ खिशात टाकली, कमरेला दोर बांधला आन पाइपांच्या बोळातल्या फळीवर उतरली. मी वर वॉलपाशी टाकीच्या सावलीला बसले. खालनं करवतीचा आवाज आला, मंग थांबला. पाइप कापून झाला व्हता.

जिन्याचं दार वाजलं. मी वरडायला तोंड उघडलं. विलास आसता तर अख्खं सौदागर गोळा केलं आसतं. पर आला त्यो नवनाथ. डाव्या हातात पाना. मला वाटलं, आलं पोरगं मदतीला. आईचं काळीज, दुसरं काय!

"ऊठ, आई."

त्याचे डोळे बघितले आन मला कळलं. मी वॉलवर पालथी पडले, दोन्ही हातांनी मिठी मारली. "न्हाई उठणार. खाली ती हाय, नवनाथ. पाइप उघडा हाय. मरंल ती."

"मरंना का. न्हाईतर घरी बसंल."

त्यानं माझ्या बरगडीत गुडघा घातला. मनगट पिरगाळलं, ते काटकीवानी मोडलं. मला बाजूला फेकलं, टाकीच्या लोखंडी पायावर डोस्कं आपटलं. मूठ नव्हती, म्हणून त्यानं वॉलच्या दांडीला पाना लावला आन फिरवला.

खालनं जी आरोळी आली ती मी जल्मात ऐकली नव्हती. बकरं कापत्यात तवा बी एवढं वरडत न्हाई. वॉल बंद करायला मूठ न्हाई, ती तिच्या खिशात, आन पाना ह्याच्या हातात. मी सरपटत गेले आन त्याच्या डाव्या हाताला दात लावले. ज्या हातानं त्यो घास खातो, त्या हाताला. माझ्या दातांत मास आलं तवा पाना सुटला. मी एका हातानं त्यो लावला आन वॉल फिरवला. मंग उलटून त्याच पान्यानं माझ्या लेकाच्या तोंडावर मारलं. नाक फुटलं त्याचं. परत मारलं. त्यो पळाला. न्हाई तर मी त्याला तिथंच ठार केला आसता, देवाशपथ सांगते.

सरकारी दवाखान्यात तिला पट्ट्यांत गुंडाळली. वर बघत काम चाललं व्हतं, तर सगळं तोंडावर आन मानंवर आलं. डाक्टर म्हणाले, डोळे आन हात वाचलेत, बाकी वेळ लागंल.

माझ्या हाताला प्लास्टर घालीस्तोवर भावकी जमली. चुलत दीर धोंडीबा माझ्या कानाशी लागला. "वैनी, आपलेच दात, आपलेच ओठ. विलासचं नाव घाला. त्यानं धमकी दिल्याली साऱ्या आळीनं ऐकलीय. कुणाला खोटं वाटणार न्हाई. पोराचा हात मोडला त्याचं बी उट्टं निघंल."

सांगते खरं, माझं मन वळलं. विलासला काय मी लाडू चारणार व्हते? त्यो हरामखोर मोकळा फिरत व्हता. एक नाव घेतलं की त्यो आत आन माझा ल्योक घरात. एकुलता एक ल्योक.

हवालदार आला. पयला विजयश्रीच्या कॉटपाशी गेला. "बाई, काय झालं? वॉल कुणी उघडला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. पट्टीतनं एकच डोळा दिसत व्हता. सुजल्याल्या वठांनी ती म्हणली, "कुणी नाही. माझ्याकडूनच नीट बंद झाला नव्हता."

माझ्यापायी! माझं पोर वाचावं म्हणून! आन हवालदार ते लिवून घ्यायला लागला. एकदा ते कागदावर गेलं की संपलं. वॉल उघडा ठिवून पाइप कापणाऱ्या बाईला कोण दारात उभं करणार? वळ खाऊन, रगत गाळून शिकल्याली इद्या ती माझ्या पदरात टाकून मोकळी व्हत व्हती. मला एवढा संताप आला की मी थोबाडीत द्यायला हात उगारला. मारायला जागा नव्हती. सगळ्या तोंडाला पट्ट्या.

"खोडा ते," मी हवालदाराला म्हणलं. "वॉल हिनं बंद केला व्हता, माझ्या डोळ्यांदेखत. उघडला नवनाथनं. माझ्या पोरानं. मला मारून उघडला. लिवा."

धोंडीबानं कपाळावर हात मारला. विजयश्री "आत्या, आत्या" करत रडायला लागली. हवालदाराचा पेन थांबला. वयस्कर माणूस व्हता, त्यानं मला बाजूला घेतलं. "मावशी, नीट इचार करा. कलम मोठं लागंल. म्हातारपणी एकुलता एक गेल्यावर, मरताना तुमच्या तोंडात पाणी कोण घालणार?"

मी कॉटकडं बोट केलं.

"ही घालंल. लिवा तुमी."