ड्रॉपबॉक्समधली कोमल

परवा किरकोळ रजा टाकली आणि अकोल्याच्या जुन्या शहरात एका मुलीला शोधत फिरले. घरी सांगितलं, मैत्रिणीसोबत साड्या बघायला जातेय... खरं सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं.

मी रिद्धपूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. पूर्वी वर्षातून एकदा कागद भरायचो, मुलं इतकी, मुली इतक्या... सही, शिक्का, विषय संपला. आता सरकारच्या पोर्टलवर प्रत्येक लेकरू नावानिशी असतं. त्याने शाळा सोडली आणि दुसऱ्या शाळेने घेतलं नाही, तर ते नाव 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या यादीत पडून राहतं.

या पोर्टलला मी रोज शिव्या घालते. कधी सर्व्हर झोपलेला, कधी ओटीपीचा पत्ता नाही...

पण या वर्षी कोमलचं नाव त्या यादीतून हलेना. सहावी झालेली, बारा वर्षांची. जूनमध्ये तिची आई म्हणाली होती, "मॅडम, तिले अकोल्याले मावशीपाशी टाकली शाळेत." दाखला न्यायला मात्र कोणी आलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला... आता आईचा फोन बंद, घराला कुलूप.

आमचे केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, 'स्थलांतर' टाका अन् मोकळ्या व्हा." माउस त्या शब्दावर नेला आणि तसाच मागे घेतला. लग्न लावून दिलं असेल तर? बारा वर्षांच्या मुलीचं... होत नाही असं नाही.

बडनेऱ्याहून गाडी पकडली. कोमलच्या शेजारणीने सांगितलेलं मावशीचं नाव विचारत मोर्णा नदीपलीकडच्या गल्ल्यांत दोन तास हिंडले. सापडली एकदाची. म्हणाली, "थे त शाळेत गेली."

माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, चला, दाखवा मला. वाटभर मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, खोटं बोलत असेल तर कळावं म्हणून.

वर्गाच्या दारातून पाहिलं... दुसऱ्या बाकावर कोमल. दोन वेण्या, लाल रिबिनी. "मॅडम, तुमी अठी काहून आल्या?" मी भर वर्गासमोर रडले.

तिची नवी शाळा माझ्या दाखल्याची वाट पाहत होती, मी त्यांच्या मागणीची. एवढंच. तिथल्या मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि कोमलचं नाव माझ्यासमोर पोर्टलवर त्यांच्या शाळेत ओढून घेतलं.

परतीच्या गाडीत हायसं वाटायला हवं होतं. पण सुवर्णा आठवली. कागदाच्या काळातली, कोमलएवढीच. ती यायची बंद झाली त्या वर्षी मी मुलींच्या रकान्यात अकराच्या जागी दहा लिहिले. बेरीज जुळली, कोणी काही विचारलं नाही... मीसुद्धा नाही.

या पोर्टलचे कधी आभार मानेन असं वाटलं नव्हतं. आज मनापासून मानते. पण सुवर्णाचं नाव कुठल्याच यादीत नाही. आणि तेव्हा तिची आईही मला हेच म्हणाली होती... "मावशीपाशी टाकली."